अंधाऱ्यातला कळक

मुसळ्याच्या डोंगरावर जायचं तर कार्तिकात जावं. पाऊस सरलेला असतो, गवत गुडघाभर वाढून पिवळं पडलेलं असतं, वाटेवरचं शेवाळ वाळून गेलेलं असतं आणि ऊन अजून बोचत नाही. दिवाळी झाली की शहरातली पोरं टोकावड्याला उतरतात आणि उंबरपाड्याची वाट विचारत येतात. पाड्यात घरं चौदा. त्यातल्या पाच-सहा घरांना भात झोडून झाल्यावर पुढचे तीन-चार महिने या पोरांच्या जेवणाचा आणि वाटाड्याच्या कामाचा आधार असतो.

यंदा येणारे अर्ध्यातूनच परत फिरत होते. माथ्याच्या खाली पंधरा फुटांचा एक सरळसोट कातळ आहे, तिथे शिडी लागते. दर वर्षी कार्तिकात ती नवी बांधायची, असा पाड्याचा रिवाज. गेल्या वर्षी कार्तिक वद्य चतुर्थीला नवी शिडी मोडली, बारकू खाली आला आणि जागीच गेला. तेव्हापासून त्या कातळाला कुणी शिडी लावली नव्हती.

भाविक बारकूचा पुतण्या. मुरबाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, आता शहापूरजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलेला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी तो पाड्यात आला तेव्हा त्याच्या खिशात अंगठ्याएवढी तपकिरी बाटली होती. तिच्यात आयोडिन होतं. कशाला आणलंय ते त्याने घरी सांगितलं नाही. आईने दिलेला चहा पिऊन तो सरळ शेजारी काकीकडे, बारकूच्या बायकोकडे गेला.

बाईजाकाकी चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होती. त्याला बघून तिने पाट पायाने पुढे सरकवला आणि उद्याचं सगळं क्रमाने सांगितलं. सकाळी सहाला निघायचं. ती, बारकूचा जोडीदार जगन आणि भाविक. कातळाच्या पायथ्याशी वाघोबाचा दगड आहे, त्याच्यापुढे जगन गाऱ्हाणं घालणार. पाड्यातल्या जाणत्यांचं म्हणणं असं पडलं होतं, की बारकू पिऊन चढला, पिऊन देवाच्या पुढ्यातून गेला, म्हणून देवाने त्याला उतरवला. आता घरच्या माणसाने त्याची चुकी मानायची आणि कोंबडा द्यायचा. मग शिडी पुन्हा बांधायला मोकळीक. गाऱ्हाणं कुणीही घालो, चुकीचे शब्द मात्र घरच्याच तोंडून यायला हवेत.

"तू शिकलेला हायस," काकी म्हणाली. "दोन वाक्यं नीट जुळवून दे. मी पाठ करीन. देवापुढं अडखळाय नको."

भाविकने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग त्याने विचारलं, काका पिऊन गेला होता असं तिला स्वतःला वाटतं का.

काकीने भाकरी उलटली, कडा दाबल्या, पुन्हा उलटली. "तीन वर्सं शिवला नव्हता. त्या सकाळी माज्या हातची भाकर खाऊन गेला. मला वास नाय आला. पन मला तवा पडसं व्हतं रे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "सगळीच म्हनतात तर पेला असंल."

ते पडसंच भाविकच्या मनात रुतून बसलं. वर्षभरात ती बाई स्वतःच्या नाकावरचा विश्वाससुद्धा घालवून बसली होती. आणि काका पिऊन चढला नसावा असं मानायला पाड्यात कुणाकडे कारण असेल, तर ते फक्त भाविककडे होतं. ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शिडीसाठी जो जाड बांबू लागतो त्याला पाड्यात कळक म्हणतात. तो कसा तोडायचा याचे नियम आहेत. पाऊस संपल्यावर तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. मग महिनाभर नदीच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवायचा आणि वर काढून गोठ्याच्या आढ्याला टांगून वाळवायचा. उजेडातल्या पंधरवड्यात तोडलेल्या कळकाला भुंगा लागतो, तो आतून त्याचं पीठ करतो, असं बारकू म्हणायचा. बारकूचा बापही तेच म्हणायचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना भाविकने वाचलं होतं, की हा भुंगा बांबूतल्या स्टार्चवर जगतो. स्टार्चचं त्याला पटलं. चंद्राचं पटेना. म्हणून त्याने ठरवलं, करूनच बघू.

एकाच बेटातले, एकाच वयाचे, एकाच जाडीचे दोन कळक त्याने निवडले. एक पौष शुद्ध द्वादशीला तोडला, दुसरा बारा दिवसांनी, वद्य नवमीला. पहिल्याच्या तिसऱ्या पेराखाली कोयत्याने दोन खाचा केल्या. लांबी, घेर, तारीख, तिथी वहीत लिहिली. दुसरा तोडला त्याच दिवशी दोन्ही डोहात दाबले, एकाच दिवशी काढले, आढ्याला शेजारी शेजारी टांगले. पावसाळा सरला की दोन्ही चिरून बघायचे होते.

नोकरी शोधायच्या गडबडीत चिरायचं राहून गेलं. आणि कार्तिकात बारकू शिडीसाठी आढ्याखाली उभा राहिला. टांगलेल्या सगळ्या कळकांवरून हात फिरवत त्याने नेमके तेच दोन उतरवले. शिडीच्या दोन बाजूंना सारखी जोडी लागते, आणि भाविकने तर मोजून सारखी जोडी लावली होती.

"अशी जोडी मिळत नाय," बारकू खूश होऊन म्हणाला होता. "दोनी अंधाऱ्यातलेच ना रे?"

भाविक ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. शहापूरला नोकरीचा तो पहिलाच आठवडा. फाट्यावरची गाडी वीस मिनिटांत येणार होती. खरं सांगितलं तर शिव्या पडणार, प्रयोग समजावून सांगावा लागणार, गाडी चुकणार. आणि चंद्राने बांबूला काय होतंय?

"हो काका," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी कारखान्यात त्याला फोन आला.

त्या वेळी कोणता कळक मोडला हे कुणी बघितलं नाही. बघायचं कुणाला सुचणार? माणूस ज्यावरून पडून मेला ते लाकूड घरी आणत नाहीत आणि चुलीतही घालत नाहीत. लोकांनी मोडकी शिडी कातळाशेजारच्या कपारीत सरकवली आणि बारकूला झोळीत घालून खाली आणलं. त्यानंतर भाविक डोंगराकडे फिरकला नव्हता. खाचांचा, म्हणजे उजेडातला कळक मोडला असेल तर एक, बिनखाचांचा मोडला असेल तर दुसरं. एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर वर्षभर वर कपारीत पडून होतं.

काकीसाठी दोन वाक्यं जुळवायला तो रात्री वही घेऊन बसला. 'माझा माणूस पिऊन तुझ्या पुढ्यातून गेला' एवढं लिहून झालं आणि त्याने ते खोडलं. वाटेत सांगतो, असं त्याने सकाळी काकीला सांगितलं.

सकाळी गवतावर दव होतं. जगन पुढे, खांद्याला पिशवी. पिशवीत नारळ, उदबत्त्या आणि मान बाहेर काढून बसलेला कोंबडा. जगन बारकूच्या बरोबरीचा. गेल्या वर्षी शिडी बांधायला तोच बारकूसोबत गेला होता. बारकू पडला तेव्हा मी जवळ नव्हतो, एवढंच तो त्यावर सांगायचा. बारकू पिऊन चढला हेही पहिल्यांदा त्याच्याच तोंडून आलं होतं. चालता चालता तो काकीची थट्टा करत होता, की काकीचा असाच पाय चालत राहिला तर पुढच्या वर्षापासून वाटाडी म्हणून तिलाच लावू. "लाव," काकी म्हणाली. "तुज्यापरीस कमी बोलंन." कोंबडा मधूनच कुचकुचत होता. भाविक मागून चालत होता.

पहिला चढ संपला तसा खालचा सगळा मुलूख दिसू लागला. कापून मोकळी झालेली खाचरं, त्यांत पेंढ्याच्या उडव्या, माळशेजकडे जाणारा डांबरी रस्ता, त्याच्या कडेचे ढाबे. पुढे कारवीचं रान लागलं. कारवीची पानं झडून काटक्या उरल्या होत्या. काकीच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती. ती दर विसाव्याला खाली बसून एकेक कुसळ उपटायची आणि मान वर न करता विचारायची, "जुळली का रे वाक्यं?" आणि भाविक म्हणायचा, जुळवतोय.

कातळापाशी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिथे आधीच चौघंजणं बसली होती, दोन मुलं, दोन मुली, डोंबिवलीहून आलेली. वरच्या टाक्यांचे आणि गुहेचे फोटो बघून आली होती आणि आता शिडी नाही म्हणून कातळाच्या सावलीत चिवडा खात होती. त्यांच्यातल्या प्रियांका नावाच्या मुलीने भाविकला विचारलं की शिडी कधी लागणार. भाविकने उत्तर देण्याआधी जगननेच सांगून टाकलं की इथे गेल्या साली यांचा माणूस पडला, आज त्याचं वर्ष आहे. चौघंही उठून उभी राहिली. एकाने डोक्यावरची टोपी काढली. सांडलेला चिवडा त्यांनी वेचून पिशवीत भरला आणि काकीला नमस्कार करून मुकाट खाली उतरली.

काकी कातळाकडे बघत उभी होती. लग्न होऊन पाड्यात आली तेव्हापासून रोज अंगणातून हा डोंगर बघितलेला, पण इथवर ती कधी आली नव्हती. तिने कातळ खालून वर पाहिला, मग वरून खाली.

"एवढाच?" ती म्हणाली. "एवढ्यावरनं?"

जगन वाघोबाच्या दगडावरचा पालापाचोळा झाडू लागला. भाविक कपारीकडे गेला.

कपार कोरडी होती. पावसाचं पाणी तिथे पोचलेलं नव्हतं. शिडी तशीच पडली होती, ऐनाच्या लाकडाच्या आडव्या पायऱ्या, त्यांना गुंडाळलेली निळी दोरी, एक बाजू सबंध आणि एक बाजू मधोमध मोडलेली. मोडल्या ठिकाणी पीठ होतं, मैद्यासारखं बारीक. भाविकने ते बोटावर घेतलं. कळकाच्या अंगावर टाचणीने टोचावीत तशी भोकं होती. वीत-वीत जागेत त्याने ती मोजली, मोडलेल्या बाजूवर एकवीस, सबंध बाजूवर तीन. मग तो मोडक्या बाजूच्या बुडख्याशी बसला आणि तिसऱ्या पेराखालची धूळ अंगठ्याने पुसली.

दोन खाचा. आपल्याच हाताच्या.

त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आलं ते वेगळंच. त्याच्या डोक्यात आपसूक हिशेब सुरू झाला. एका बाजूचा एक कळक आणि दुसऱ्या बाजूचा एक, एवढ्यावरून चंद्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय पहिला कळक दुसऱ्याची वाट बघत बारा दिवस अंगणात उघडा पडला होता. भुंग्याने अंडी त्याच बारा दिवसांत घातली असतील. म्हणजे त्याचा प्रयोगच चुकीचा मांडलेला होता. हे इतकं साधं भोक त्या वेळी दिसलं कसं नाही, असा विचार करत तो बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की चंद्राचं खरं-खोटं काहीही असो, काकाने विचारलं तेव्हा तो स्वतः खोटं बोलला होता. त्याला प्रयोग लागत नाही.

बाटली आणली होती म्हणून त्याने झाकण उघडलं. चाकूने कळकाची ढलपी काढली आणि तिच्यावर एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता निळा झाला, मग काळपट निळा.

"काय हाय त्ये?" काकी मागे येऊन उभी होती.

"औषध आहे, काकी. पीठ कुठं आहे ते यानं कळतं. भाताच्या पेजेवर टाकलं तरी असंच निळं होतं."

काकी उकिडवी बसली. तिने सबंध बाजूकडे बोट दाखवलं. भाविकने तिचीही ढलपी काढून थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला, कडेला जरासा काळवंडला.

"म्हंजे यात पीठ व्हतं. भुंग्यानं खाल्ला. म्हनून मोडला."

"हो."

"त्यो पेला नव्हता."

भाविकने तिच्याकडे बघितलं. इथे नुसतं हो म्हणणं किती सोपं होतं. "ते या बाटलीनं कळत नाही, काकी. पण हा कळक मोडायला पिऊन चढायची गरज नव्हती. शुद्धीतला माणूसही पडला असता."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. दोन पंधरवडे, दोन खाचा, वही, आढं, नाड्या बांधणं, वीस मिनिटं. सांगताना तो खाचांवरून अंगठा फिरवत होता. काकी ऐकत होती. तिने एकदाच मध्ये विचारलं, "तुला इचारलं व्हतं त्यानं?"

"हो. दोन्ही अंधाऱ्यातलेच ना, असं. मी हो म्हणालो."

काकीने ओल्या निळ्या डागावर बोट ठेवलं आणि उचलून बघितलं. बोट निळसर झालं होतं. ते तिने लुगड्याला पुसलं नाही.  तिकडून जगनची हाक आली, की मांडणी झाली, या.

"चल," काकी उठत म्हणाली. "चुकीचं घरच्यानंच म्हनायचं ना? तू घरचाच हायस. तूच म्हन."

वाघोबाच्या दगडापुढे उदबत्ती लागली होती. जगनने गाऱ्हाण्याला सुरुवात केली, डोंगराच्या, गावदेवाच्या, पूर्वजांच्या नावाने, आणि मग थांबून काकीकडे बघितलं. काकीने भाविककडे बघितलं. रात्रभर जी दोन वाक्यं जुळत नव्हती ती आता अडखळत का होईना आली. बारकूकाकाला मी उजेडातला कळक अंधाऱ्यातला म्हणून सांगितला. माझ्या शब्दावर तो चढला.

जगनचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याने आधी भाविककडे बघितलं, मग कपारीकडे. गाऱ्हाणं पुढे न्यायचं ते तो विसरला असावा. उदबत्तीची राख वाकून दगडावर पडली.

"मी पानी प्याला गेलतो," जगन म्हणाला. आवाज इतका खाली, की भाविकला आधी तो देवाशीच बोलतोय असं वाटलं. "बांधतो त्यो पयला चढतो, आनि दुसऱ्यानं खालनं पाय धरायचे. मी म्हनलं, थांब, येतो. त्यो थांबला नाय. शिडी करकरली असंल, मी तितं असतो तर मला कळलं असतं." तो थांबला. "वास-बिस काय नव्हता त्याला. मीच म्हनलं तसं."

 काकी ओरडली नाही. तिने पिशवीतून कोंबडा काढला, त्याचे पाय सोडले आणि जगनच्या हातात दिला.

"ह्यो चुकीचा नाय," ती म्हणाली. "ह्यो वर्साचा. सांग देवाला, बारकू शुद्धीत व्हता. पाड्यात जाऊन बी हेच सांगायचं. घरोघर. तुमी दोगांनी."

जगनने मान हलवली आणि देवाला तसं सांगितलं. पुढचे विधी झाले. काकीने नारळाची शकलं कातळाच्या बुडाशी, बारकू जिथे पडला होता त्या दगडांवर ठेवली.

उतरताना कुणी थट्टा केली नाही. अर्ध्या वाटेवर, कारवीच्या रानात, काकी पुन्हा कुसळं काढायला बसली. भाविकला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, तोंड दाखवू नको म्हणेल. काहीही म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने कुसळं काढून संपवली.

"आज चवथ," ती म्हणाली. "अंधारंच हाय. सांजच्याला दोन कळक तोड. माघात शिडी बांध."

"मी?"

"बांधील त्यो पयला चढतो," काकी म्हणाली.

जगन पुढे चालत होता, तो थांबला. "खालनं पाय मी धरीन," तो मागे न बघता म्हणाला.

"तू धर. मी बसून बगीन."

त्या दिवशी दुपार कलल्यावर भाविकने बेटातले दोन कळक तोडले. या वेळी खूण केली नाही. तोडल्या तोडल्या खांद्यावर घेऊन तो आणि जगन नदीवर गेले. एक क्षणही ते उघडे ठेवायचे नाहीत असं त्याने मनाशी ठरवलं होतं. डोहाचं पाणी थंड होतं, मांड्यांपर्यंत आलं. कळक वर तरंगू बघत होते. दोघांनी ते दाबून धरले आणि एकेक दगड उचलून त्यांवर रचला. बेटाकडे येताना जगन तीन घरांत थांबून आला होता. तिथे काय बोलला ते भाविकने विचारलं नव्हतं. उरलेल्या घरी त्यालाही जायचं होतं.

काकी काठावर उभी होती. पाण्यातल्या दगडांकडे बघत तिने त्यांची मोजदाद केली असावी.

"आजून एक ठेव," ती म्हणाली.